आधी लेबल, मग घास!

वीकेंडला यवतमाळला घरी गेलात की काय हवं असतं? गरम भाकर, झुणका, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी! पण सोबत आलेल्या दोस्ताला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर? ‘एक घास खा रे, काही होत नाही’ हा आग्रह जिवावर बेतू शकतो.

अ‍ॅलर्जी म्हणजे नखरे नव्हेत, बॉस! शरीराची प्रतिकारशक्ती अन्नातल्या प्रथिनालाच शत्रू समजते. मग अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वासही कोंडतो. दुधानं नुसतं पोट फुगत असेल, तर ते बहुधा ‘लॅक्टोज इन्टॉलरन्स’. त्यात त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो. अ‍ॅलर्जीत मात्र कणभरही पुरतो.

पाकिटाची भाषा

एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनुसार ग्लूटेनयुक्त धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, काजू-बदाम, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढे सल्फाइट यांचा उल्लेख पाकिटावर वेगळा करावा लागतो. हो, आपल्या जिल्ह्यात शेतोशेती दिसणारं सोयाबीनही यादीत आहे!

कन्टेन्स : तो घटक आत आहेच.
मे कन्टेन : मुद्दाम टाकलेला नाही, पण अंश मिसळलेला असू शकतो. अ‍ॅलर्जी असेल तर हेही नकोच.
बेस्ट बिफोर : चव आणि दर्जाची मुदत.
एक्स्पायरी किंवा यूज बाय : ही तारीख उलटली की थेट कचऱ्यात.
हिरवा ठिपका : शाकाहारी. पण आत दूध असू शकतं!
ग्लूटेन-फ्री : किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन.

भाकरीचं काय?

ज्वारीत ग्लूटेन नसतं. सीलिअ‍ॅक हा आजार अ‍ॅलर्जी नव्हे, पण त्यात गहू कायमचा बंद. अशांना आपली भाकर म्हणजे वरदानच! मात्र चक्कीवर आधी गहू दळला असेल, तर त्याचं पीठ ज्वारीत येतंच. झुणक्याच्या फोडणीतल्या हिंगातही अनेकदा गव्हाचं पीठ असतं. म्हणजे हिंगाची डबीही उलटून वाचायची.

खानावळीतल्या ताटाला लेबल नसतं. तिथे बिनधास्त विचारा, ‘दादा, रश्श्यात कूट आहे का?’ लाजायचं काय त्यात? आणि खाल्ल्यावर कुणाला धाप लागली, आवाज बसला किंवा भोवळ आली, तर लिंबूपाणी पाजत बसू नका. अशा वेळी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं आणि मिनिटं मोलाची असतात. लगेच १०८ फिरवा!