ल्युपस : तरुण वयातील एक दीर्घ आजार आणि त्याच्यासह जगणे

मधुमेह, रक्तदाब, क्षय ही नावे आपल्या घराघरांत माहीत आहेत. ल्युपस हे नाव मात्र बहुतेकांना प्रथम डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकावयास मिळते, आणि तेही बहुधा घरातील ऐन विशीतल्या मुलीच्या संदर्भात. या आजाराच्या दर १० रुग्णांपैकी सुमारे ९ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो १५ ते ४५ या वयात जडतो. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, मूल हे प्रश्न ज्या वयात उभे राहतात, नेमके तेच वय. पुरुषांना तो होतच नाही असे नव्हे. आपल्या स्मरणिकेच्या वाचकांत विद्यार्थी पुष्कळ असल्याने या आजाराची माहिती थोडी सविस्तर द्यावीशी वाटते.

बाहेरून येणाऱ्या जंतूंना ओळखून नष्ट करणे हे शरीरातील रोगप्रतिकारशक्तीचे काम. ल्युपसमध्ये ही ओळखच बिघडते. शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते आणि त्यामुळे त्वचा, सांधे, रक्त, मूत्रपिंडे, फुप्फुसांचे व हृदयाचे आवरण, मेंदू यांपैकी कोठेही दाह होऊ शकतो. ल्युपस या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसत, म्हणून जुन्या वैद्यांनी हे नाव दिले असे सांगतात. आजार संसर्गजन्य मुळीच नाही. एका ताटात जेवल्याने किंवा एका खोलीत राहिल्याने तो लागत नाही, हे वसतिगृहातील मैत्रिणींनी नीट ध्यानात घ्यावे.

सुरुवात मोठी फसवी असते. सकाळी बोटांचे सांधे आखडतात, बारीक ताप आठवडेच्या आठवडे रेंगाळतो, केस गळतात, तोंडात न दुखणारे व्रण येतात. उन्हात जाऊन आल्यावर गालांवर आणि नाकाच्या दांडीवर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा उठतो. आणि थकवा तर असा की, आठ तास झोपूनही अंग उचलत नाही. घरचे म्हणतात, अभ्यासाचा ताण आहे, अशक्तपणा आहे. मग टॉनिकच्या बाटल्या येतात आणि महिने निघून जातात. संशय आल्यास डॉक्टर ‘एएनए’ ही रक्ततपासणी करावयास सांगतात. ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते. परंतु कित्येक निरोगी माणसांतही येते. तेव्हा केवळ तेवढा कागद हाती धरून स्वतःच निदान करू नये आणि घाबरूनही जाऊ नये.

घाबरू नये असे म्हणण्यास आधार आहे. १९५५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निदानानंतर ४ वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण हयात असल्याचे आढळले होते. आज योग्य उपचार मिळालेल्या दर १० पैकी सुमारे ९ रुग्ण निदानानंतर १० वर्षांनीही हयात असतात, आणि त्यांपैकी अनेकजण शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. हा फरक औषधांनी घडवला. आजार समूळ जात नाही, पण शांत ठेवता येतो.

खरी अडचण येथूनच सुरू होते. आजार शांत झाला की रुग्णाला बरे वाटते आणि बरे वाटले की गोळी बंद होते! एकविसाव्या वर्षी रोज गोळी घ्यावयाची, तीही काही दुखत नसताना, हे कोणालाही जड जाणारच. पण ही गोळी दुखण्यावरची नाही. दुखणे पुन्हा उसळू नये म्हणून ती असते. या उपचाराचा पाया म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मूळचे हिवतापावरील औषध. त्याचा गुण यावयास दोन-तीन महिने लागतात आणि ते सोडल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो. ‘या गोळीने डोळे जातात’ ही ऐकीव भीती अनेकांना गोळी सोडावयास लावते. दृष्टिपटलावर परिणाम होऊ शकतो हे खरे. तथापि तो बहुधा वर्षानुवर्षांच्या वापरानंतर आणि जादा मात्रेने होतो. दिवसाची मात्रा वजनाच्या दर किलोस ५ मिलिग्रॅमपर्यंत ठेवतात, म्हणजे ५० किलोच्या मुलीस २५० मिलिग्रॅम. सुरुवातीस एकदा डोळे तपासावेत आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडांचा त्रास असेल तर याहून लवकर. डोळे सांभाळण्याचा मार्ग तपासणी हा आहे, गोळी टाकून देणे हा नव्हे.

हीच गोळी मार्च २०२० मध्ये कोरोनावर चालते अशी हवा उठल्याने दुकानांतून दिसेनाशी झाली होती. त्यावेळी ल्युपसच्या रुग्णांचे फार हाल झाले. पुढे कोरोनावर तिचा उपयोग नाही असे सिद्ध झाले, ही गोष्ट वेगळी. महिनाभराचा साठा घरात असावा, एवढे मात्र त्या दिवसांनी शिकवले.

गोळीइतकीच महत्त्वाची, आणि कमी खर्चाची, गोष्ट म्हणजे लघवीची तपासणी. ल्युपस मूत्रपिंडांवर उतरतो तेव्हा कोठेही दुखत नाही. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांखाली व पायांवर सूज येणे ही लक्षणे दिसतात, परंतु तोवर आजार बराच पुढे गेलेला असू शकतो. म्हणून लघवीतील प्रथिने, रक्तातील क्रिएटिनिन आणि रक्तदाब हे दर तीन महिन्यांनी किंवा डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे पाहावे. परीक्षा आहे म्हणून ही तपासणी पुढे ढकलू नये. गायिका सेलेना गोमेझ हिला २०१७ साली ल्युपसमुळे मूत्रपिंड बदलून घ्यावे लागले, हे अनेक तरुण वाचकांना ठाऊक असेल.

स्टेरॉइडविषयी मुली उघड बोलत नाहीत. चेहरा गोल होतो, वजन वाढते, मुरमे येतात. आरशात पाहवत नाही म्हणून कोणी गुपचूप गोळी अर्धी करते. हे दुःख खरे आहे, त्याला नटवेपणा म्हणून कोणी हिणवू नये. पण स्टेरॉइड बरेच दिवस घेतल्यावर शरीर आपला स्वतःचा तसा स्राव कमी करते. अशावेळी गोळी एकदम थांबवल्यास जिवावर बेतू शकते. अलीकडे डॉक्टरांचाही प्रयत्न मात्रा दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आणण्याचाच असतो. तेव्हा ‘मला हे सहन होत नाही, कमी कशी करता येईल?’ असे त्यांना सरळ विचारावे.

उन्हाने आजार चेतू शकतो. लग्नाची वरात, जयंतीची मिरवणूक, मैदानावरील कवायत, कोठेही दुपारचे ऊन टाळावे. छत्री, पूर्ण बाह्या आणि उन्हापासूनचे मलम वापरावे. धूम्रपान पूर्ण वर्ज्य. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे तर आपल्याकडे प्रेमाने पाजले जातात, पण येथे प्रतिकारशक्ती आधीच आपल्यावर उलटलेली असते. गुळवेल घेतल्यावर यकृतास इजा झालेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. ताप आला तर ल्युपसच असेल असे समजून घरी थांबू नये. औषधांमुळे जंतुसंसर्गही लवकर होतो.

लग्नाच्या वेळी आजार लपवावा, असा सल्ला वडीलधारी माणसे देतात. यात मुलीचेच नुकसान आहे. लपवलेली गोळी रोज वेळेवर घेता येत नाही. शिवाय मूल होऊ द्यावयाचे तर आजार निदान ६ महिने शांत असावा लागतो. मायकोफेनोलेटसारखी गर्भाला घातक औषधे आधी बदलावी लागतात, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गरोदरपणातही चालू ठेवतात. रक्त गोठविणारी प्रतिपिंडे आहेत का हेही आधी पाहावे लागते; ती असल्यास नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. हे सारे नवऱ्याला अंधारात ठेवून कसे जमणार? असे नियोजन करून माता झालेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत.

खर्चाचे म्हणाल तर मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत चौकशी करावी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. आपल्या उपचारापैकी काय योजनेत बसते ते त्यांना विचारावे, आणि जाताना शिधापत्रिका, ओळखपत्र व तारखेनुसार लावलेली सर्व जुन्या तपासण्यांची फाईल बरोबर न्यावी. दोन वर्षांपूर्वीचा लघवीचा रिपोर्टही फेकू नये, डॉक्टर तो आजच्या रिपोर्टाशेजारी ठेवून पाहतात.