जुन्या ट्रकचं इंजिन तेल का फेकतं? : आठवीच्या ‘बल व दाब’ पाठाला जोडून



आपल्या अमरावती-अकोला पट्ट्यात प्रत्येक वर्गात असं एक तरी लेकरू असतंच, ज्याच्या घरची चूल ट्रकवर पेटते. कापूस जिनिंगला न्यायचा, वरुड-मोर्शीची संत्री बाजारात पोचवायची, तूर-सोयाबीन वाहायचं. यातल्या बऱ्याच गाड्या जुन्या असतात आणि त्यांच्याबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते : “गाडी तेल फेकून रायली.” मग सील बदलतात, गॅस्केट बदलतात. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पैसा जातो, गाडी उभी राहते, भाडं बुडतं.

खूपदा दोष सीलचा नसतो. इंजिनच्या पोटातली हवा बाहेर जायची वाट बंद झालेली असते. हे समजायला आठवीचा ‘बल व दाब’ हा पाठ पुरतो.

इंजिनच्या पोटात हवा येते कुठून?

इंजिनचा खालचा बंद भाग म्हणजे क्रँककेस. तिथे क्रँक फिरतो आणि तळाच्या चेंबरमध्ये तेल असतं. वर सिलिंडरमध्ये पिस्टन चालतो. डिझेल इंजिनात हवा दाबली जाते तेव्हा तिचा दाब वातावरणाच्या तीसपटीच्या आसपास जातो, आणि डिझेल जळताना त्याहून बराच वाढतो. पिस्टनला रिंगा असतात, पण रिंग बसवता यावी म्हणून ती एका जागी कापलेली असते. त्या फटीतून थोडा वायू खाली निसटतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. नव्या इंजिनातही तो असतो. रिंगा आणि लायनर झिजले, की वाढतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट भरलेल्या गाडीने चढताना, म्हणजे इंजिनवर जोर असताना, तो आणखी वाढतो.

या वायूत धूर, तेलाचे बारीक थेंब आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं! त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडं क्रँककेसमध्ये उतरतं. हिवाळ्यात गाडी थोडं थोडं अंतरच चालली, तर तेलाच्या टोपणाखाली पांढरट साय दिसते ती याचीच.

थोडं गणित करू

हा वायू बाहेर सोडण्यासाठी ब्रीदर असतो : टॅपेट कव्हरवर किंवा इंजिनच्या बाजूला जाळी आणि तिला जोडलेला पाइप. जाळीत काळा चिखल साचला किंवा पाइप दुमडला, की दाब वाढायला लागतो.

समजा हा दाब १० सेंटीमीटर पाण्याच्या उंचीइतका झाला. वातावरणाच्या दाबाचा हा जेमतेम शंभरावा भाग. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर १० ग्रॅम वजनाइतका भार. ५ सेंटीमीटर व्यासाच्या तेलाच्या टोपणावर तो सुमारे २०० ग्रॅम होतो. पण तेलाचं चेंबर ८० सेंटीमीटर लांब आणि २५ सेंटीमीटर रुंद धरलं, तर क्षेत्रफळ २००० चौरस सेंटीमीटर, आणि भार २० किलो! दाब तोच, क्षेत्रफळ मोठं म्हणून बल मोठं. असा दाब आतून सतत ढकलत असेल, तर नवं सील तरी किती दिवस टिकणार?

जुनी पद्धत आणि तिची मर्यादा

जुन्या ट्रकांत ब्रीदरचा पाइप सरळ खाली सोडलेला असतो. अनेक गाड्यांत त्याचं टोक तिरपं कापून मागच्या बाजूला तोंड केलेलं असतं. गाडी पळाली की टोकाजवळून वारा जातो, तिथला दाब थोडा कमी होतो आणि आतला वायू ओढला जातो. गाडी उभी असली की ही ओढ नाही. पाइप बदलताना तोंड पुढे आलं, तर उलट वारा आणि धूळ आत शिरते. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ तेलात गेली, की बेअरिंग आणि लायनर घासले जातात.

सुधारणा कशी करावी?

१. आधी ब्रीदरची जाळी काढून डिझेलने धुवा, सुकवा आणि पाइप आरपार मोकळा आहे का ते बघा.

२. पाइप मूळ मापाचाच ठेवा. व्यास निम्मा केला तर वाट निम्मी होत नाही, चौथाई होते. भूमितीच्या तासाला हे उदाहरण जरूर द्या.

३. पाइपला मध्येच झोळ नको. त्यात पाणी आणि तेल साचून वाट बंद होते. उतार सलग हवा, टोक सायलेन्सरपासून लांब हवं.

४. तेल अडवायचं असेल तर मध्ये जाळीची डबी बसवता येते. थेंब जाळीला चिकटतात, तळाला जमतात आणि वायू पुढे जातो. डबी वेळेवर रिकामी करावी लागते, नाहीतर तीच बूच बनते.

५. हे करूनही धूर जोरात येत असेल, तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. रिंगांआधी ब्रेकचा एअर कॉम्प्रेसरही बघायला सांगा. तो झिजला असेल तर त्याची हवा तेलाच्या परतीच्या वाटेने क्रँककेसमध्ये येते. कॉम्प्रेसरच्या दोषापायी अख्खं इंजिन खोलायची वेळ यायला नको.

हे मात्र करू नका

तेल गळतं म्हणून ब्रीदरला चिंधी कोंबणं, हा सगळ्यात वाईट उपाय. एक गळती थांबते, दुसऱ्या चार जागा फुटतात.

पेट्रोल गाडीचा व्हॉल्व्ह डिझेल ट्रकला लावणंही बरोबर नाही. पेट्रोल इंजिनात हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप असते, म्हणून तिच्या मागे चांगली ओढ तयार होते. जुन्या डिझेल इंजिनात ती झडप सहसा नसते. ब्रीदर नुसता एअर क्लीनरच्या पाइपला जोडला आणि तेल अडवायची सोय नसली, तर जास्त तेल सिलिंडरमध्ये ओढलं जाऊ शकतं. डिझेल इंजिन त्या तेलावरही चालतं. मग डिझेल बंद केलं तरी इंजिन थांबत नाही, वेग वाढतच जातो आणि जिवावर बेतू शकतं. नव्या गाड्यांत हा वायू पुन्हा इंजिनात सोडतात, पण त्यासाठी तेल वेगळं करणारी डबी आणि दाब सांभाळणारा पडदा कंपनीनेच बसवलेला असतो. देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. त्या गाड्यांच्या ब्रीदरला घरगुती हात लावू नये.

वर्गात करायचा प्रयोग

प्लास्टिकच्या बाटलीच्या तोंडाला फुगा लावा. बाजूला दोन छिद्रं पाडून दोन स्ट्रॉ बसवा आणि कडा मळलेल्या कणकेने बंद करा. एका स्ट्रॉमधून हळूहळू फुंका. दुसरी मोकळी असेल तर फुगा लोळतच राहतो. ती चिमटीत धरा, फुगा उभा राहतो. पहिली स्ट्रॉ म्हणजे ब्लो-बाय, दुसरी ब्रीदर, आणि फुगा म्हणजे बिचारं सील!

पुढे U आकाराच्या पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून ती बाटलीला जोडा. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक म्हणजे आतला दाब. गॅरेजमध्येही क्रँककेसचा दाब याच तत्त्वावर मोजता येतो. चालू इंजिनजवळ मुलांना मात्र नेऊ नका. पट्टा, पंखा आणि गरम तेल यांचा भरवसा नसतो.

मुलांना शेवटी एवढंच विचारा : गळती दिसते तिथेच तिचं कारण असतं का? ट्रकवाल्या घरचं लेकरू हा प्रश्न घरी नेईल. नवं सील आणण्याआधी त्याच्या बापाने एकदा ब्रीदर काढून बघितला, तरी आपला तास सार्थकी लागला. प्रयोग करून बघा आणि मुलांनी काय काय विचारलं ते आम्हालाही जरूर कळवा.