मुलींच्या शालेय क्रीडा

माध्यमिक शाळेतील मुलींना खेळाची मिळणारी संधी आणि स्पर्धांतील त्यांचा सहभाग असे या विषयाचे दोन भाग पडतात. ते एक नव्हेत. खो-खो किंवा कबड्डीच्या संघात साधारणतः १२ खेळाडू असतात. २०० मुली असलेल्या शाळेने दोन्ही संघ उतरविले, तरी फार तर २४ मुली मैदानावर येतात. उरलेल्यांची नोंद कोणत्याही निकालपत्रकात होत नाही.

विदर्भात संघटित व्यायामाची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. वर्धा येथे लक्ष्मीबाई केळकर यांनी १९३६ मध्ये स्थापिलेल्या राष्ट्र सेविका समितीच्या कार्यक्रमात मुलींच्या शारीरिक शिक्षणास स्थान होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये तेथेच भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम पुढे आली व शरीरश्रमास शिक्षणात प्रतिष्ठा लाभली. तथापि श्रम व खेळ यांत भेद केला पाहिजे. श्रम मुलींच्या वाट्यास घरी अगोदरच आलेले असतात. वाण असते ती खेळाची.

भारतीय शालेय क्रीडा महासंघ १९५४ मध्ये स्थापन झाला. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत महिला विभाग १९६०-६१ मध्ये कोल्हापूर येथे सुरू झाला आणि महिलांचा स्वतंत्र राष्ट्रीय क्रीडा महोत्सव १९७५ मध्ये. महाराष्ट्रात शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत, तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात.

स्पर्धा आहेत, अडचण तेथवर पोहोचण्याची आहे, आणि ती आठवी-नववीच्या सुमारास तीव्र होते. मासिक पाळी सुरू झाली, की घरची बंधने वाढतात. कपडे बदलण्यास आडोसा नसेल, शारीरिक शिक्षणास शिक्षिका नसेल, तर मुलगी स्वतःहून मागे राहते व तिला ‘आवड नाही’ असा शेरा मिळतो. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) क्रीडांगण व स्वतंत्र स्वच्छतागृह आवश्यक ठरविले. पण तो कायदा आठवीपर्यंतच लागू आहे. दहावीत खेळाचा तास गणिताकडे जातो, हे निराळेच. वर्धा शहरास लागून असलेल्या पिपरी मेघेसारख्या वाढत्या वस्त्यांत मोकळ्या जमिनीचे भूखंड पडतात. आसपासच्या खेड्यांतील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस. टी. चा मोफत प्रवास मिळतो. परंतु सराव शाळा सुटल्यावर असल्यास गाडी चुकते, आणि सराव टाळल्यास संघातील जागा जाते.

हे केवळ ग्रामीण मागासलेपण नव्हे. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकनंतर महिलांची ८०० मी. शर्यत त्यांना झेपत नाही म्हणून वगळली गेली. ती १९६० मध्ये रोम येथे परत आली. अमेरिकेत सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा कायदा १९७२ मध्ये झाला, तेव्हा शालेय संघांतील मुलींची संख्या झपाट्याने वाढली. आवड एकाएकी उपजली नव्हती. दार उघडले होते.

सातारा जिल्ह्यातील मोही या गावची ललिता बाबर प्रथम खो-खो खेळे. २०१६ च्या रीओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मी. स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेला पहिला खो-खो महिला विश्वचषक भारताने प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली जिंकला. खो-खोस दोन खांब, आखलेले मैदान व शिट्टी एवढेच साहित्य लागते. म्हणून लहान शाळांनी सरावाचा तास वेळापत्रकातच, शेवटची गाडी सुटण्यापूर्वी ठेवल्यास विशेष खर्च येत नाही.