वाचनालय सर्वांचे : भाग ७
डोळ्यांना ‘पुस्तक’, कानाला भलतेच

मागच्या भागात रॅम्प, कपाटांमधली वाट आणि टेबलाची उंची पाहिली. आज दृष्टिहीन वाचकाच्या हाती पुस्तक कसे पडते ते पाहू.

संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांतला एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केला. तो विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. वाचनालयात संगणक असेल, तर वर फक्त एक हेडफोन लागतो.

खरी अडचण आपल्या मराठी पुस्तकांच्या फाइलींमध्ये आहे. कितीतरी पुस्तके जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचे नुसते चित्र बसवलेले असते. कृतिदेवमध्ये ‘पुस्तक’ हा शब्द टाइप करा. पडद्यावर ‘पुस्तक’ उमटेल, पण फाइलीत साठते ते आय, क्यू, कॅपिटल एल, आर, डी. स्क्रीन रीडर चित्र पाहत नाही, साठवलेले अक्षर वाचतो. त्यामुळे अख्खी कादंबरी कानावर निरर्थक इंग्रजी होऊन येते. युनिकोडमध्ये ‘प’ला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तिथे ‘प’ हा ‘प’च ऐकू येतो.

पाने स्कॅन करून केलेल्या पीडीएफचे दुखणे वेगळे. ती पानांची छायाचित्रे असतात, त्यांत अक्षरच नसते. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या आज्ञावलीने, ती अक्षरांत आणता येतात, पण ‘घर’चे ‘धर’ होते, ‘भ’चा ‘म’ होतो, रफार गळतो. शेवटी माणसाने बसून मुद्रितशोधन करावेच लागते. हे काम किचकट आहे, तरी माझ्या मते वाचनालयाच्या वाचकांनी वाटून घ्यावे असे याहून चांगले काम नाही.

कायदा आड येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार दिव्यांग वाचकांसाठी पुस्तक सुगम स्वरूपात आणता येते. अट एवढीच की त्यात नफा नको आणि ती प्रत इतरत्र जाऊ नये. दृष्टिहीनांसाठीचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू आहे.

ग्रंथपालांनो, एका संगणकावर एनव्हीडीए बसवा आणि दारावर तशी पाटी लावा, नाहीतर ज्याच्यासाठी सोय केली त्याच्या घरच्यांना ती कळणारच नाही. आणि प्रकाशकांनो, यापुढे प्रत्येक पुस्तकाचा अंतिम मजकूर युनिकोडमध्ये जपून ठेवा आणि दृष्टिहीन वाचकांसाठी कोणी मागितला, तर नाही म्हणू नका.