गुळाचा खडा आणि केळ्याचं शिबिर

नांदेड असो की लातूर, एमआयडीसीत 'कामगारांसाठी आरोग्य कार्यक्रम' म्हटलं की एकच देखावा डोळ्यांसमोर येतो. गेटाजवळ मंडप, मागं फ्लेक्स, दोन टेबलं. एकावर बीपीचं मशीन, दुसऱ्यावर साखर तपासायच्या पट्ट्या. रांगेतल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी आणि एक केळं. फोटो होतात, दुपारी मंडप सुटतो, आणि पुढच्या वर्षापर्यंत कुणी नाव काढत नाही.

केळ्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न त्या चिठ्ठीचा आहे. तिच्यावर 160/100 असा आकडा असलेल्या माणसाचं पुढं काय होतं? सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळची, त्याची पाळीही सकाळची. दवाखान्यात गेला तर खाडा पडणार, म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार. वाढलेला रक्तदाब दुखत नाही. बुडालेली मजुरी दुखते. चिठ्ठी खिशातच राहते आणि धुण्यात जाते.

'शिबिर झालं म्हणजे कार्यक्रम झाला' हा पहिला गैरसमज, आणि तो फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेतल्या एका दुकानांच्या साखळीत 160 ठिकाणच्या सुमारे 33 हजार कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी 20 ठिकाणं निवडून तिथं आहार, व्यायाम, ताण यांचे वर्ग चालवले. दीड वर्षानंतर तिथले लोक 'आम्ही जास्त व्यायाम करतो, वजनाकडं लक्ष देतो' असं सांगत होते. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचारांचा खर्च आणि गैरहजेरी यांत म्हणावा असा फरक पडला नव्हता. यावरून तपासणीच नको असा अर्थ कुणी काढू नये. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या तेव्हा केंद्र सरकारनं चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी जाहीर केली. म्हणजे तपासणी ही आता मालकाची मेहरबानी उरलेली नाही. फक्त तपासणी ही सुरुवात असते. महिन्यानं पुन्हा बीपी कोण मोजणार, गोळी कुठून मिळणार आणि दवाखान्यात गेलेल्या दिवसाची हजेरी लागणार का, या तीन गोष्टी ठरल्या की मग त्याला कार्यक्रम म्हणावं.

आता गूळ. धुळीच्या कामावर असलेल्या कुणालाही विचारा, 'काही होत नाही, सुट्टी होताना गुळाचा खडा खायचा, धूळ खाली उतरते' हेच उत्तर मिळेल. गूळ वाटणारे मालकही असतात आणि त्यांची भावना खोटी नसते. पण गूळ जातो अन्ननलिकेतून पोटात, धूळ जाते श्वासनलिकेतून फुप्फुसात. घशाला बरं वाटतं, लाळ सुटते, खोकला थोडा बसतो. तेवढंच. कुणी जाणकार असेल तर लखनऊच्या संशोधकांनी 1994 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगाचा दाखला देतो. त्यात गुळानं फुप्फुसातले धुळीचे कण बाहेर पडायला मदत झाल्याचं दिसलं होतं, हे खरं. पण तो प्रयोग उंदरांवरचा. त्याच्या भरवशावर माणसाला उघड्या धुळीत उभं करता येत नाही.

तोंडाला बांधलेल्या रुमालाचंही तसंच. डाळीची टरफलं, सरकीचा भुगा अशी डोळ्यांना दिसणारी धूळ रुमाल अडवतो. खरी घातक असते ती न दिसणारी, आणि ती कापडातून आरपार जाते.

कापसाच्या धुळीचा आजार तर मोठा फसवा आहे. त्याला बिसिनोसिस म्हणतात. साप्ताहिक सुट्टीनंतर माणूस कामावर आला की पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. दोन-तीन दिवसांत हलकं वाटू लागतं. त्यामुळं कामगार म्हणतो, 'सुट्टीत थंड काही खाल्लं असेल,' आणि मुकादम म्हणतो, 'सुट्टीचा आळस.' अशी वर्षं गेली की मग दम सातही दिवस लागतो आणि फुप्फुस पूर्वीसारखं होत नाही. उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर ज्या नांदेडनं घड्याळं लावली, त्या गावात हा आजार घरोघरी माहीत असायला हवा होता. 1948 च्या कारखाना कायद्यात सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती. तिच्यात बिसिनोसिस होता आणि यंत्रांच्या गोंगाटानं येणारा बहिरेपणाही होता. पण उपचाराच्या कागदावर बहुधा नुसतं 'दमा' एवढंच लिहिलं जातं. काम काय करता, हे विचारायचं राहून जातं.

यावर उपाय आहे, पण तो केळ्या-गुळाइतका स्वस्त नाही. धूळ जिथं उडते तिथंच ती ओढून घेणारा पंखा आणि नळी, एलिव्हेटरला झाकण, झाडूऐवजी व्हॅक्यूम, आणि हे सगळं करून उरलेल्या धुळीसाठी चेहऱ्याला नीट बसणारा मास्क. क्रम हाच. आपल्याकडं सुरुवात मास्कनं होते आणि तिथंच संपते.

धुळीचा आजार वर्षांनी मारतो, टाकी मिनिटांत. 'तो पट्टीचा आहे, त्याला उतरवा' हे वाक्य 2017 मध्ये लातूरच्या एका तेल गिरणीत कामगार टाकीत गुदमरून मेले, त्यानंतरही ऐकू येतं. कुजलेल्या गाळातून निघणाऱ्या वायूला सडक्या अंड्यांचा वास असतो. पण त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. त्या क्षणी माणसाला वाटतं, हवा चांगली आहे. पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा ठिकाणी छाती किती मजबूत आहे याला काही अर्थ नाही. आधी हवा मोजायची, बाहेरून हवा सोडायची, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दुसरा माणूस. नाहीतर टाकी तशीच राहू द्यावी.

'आम्हाला उन्हाची सवय आहे.' नांदेडचा मे महिना ज्यानं पाहिला त्याला हे म्हणायचा हक्क आहे. सवय खरंच लागते. शरीर आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर सोडायला शिकतं, घामातलं मीठ राखायला शिकतं. पण ती सवय मोडतेही. लग्नसराईत पंधरा दिवस गावाकडं सावलीत काढून परतलेला हमाल आडतीत पहिल्याच दिवशी पूर्वीइतकी पोती उचलायला जातो, आणि उष्माघात नेमका अशालाच गाठतो. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचव्या हिश्शाइतकं द्यावं, मग रोज तेवढंच वाढवावं. आणि तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरला पाण्याचं महत्त्व कुणी सांगायला नको. पण धान्य निवडणाऱ्या किंवा बांधकामावरच्या बाईला पाण्याचा माठ दाखवून उपयोग नसतो, जवळ संडास नसेल तर. ती सकाळपासून घोटभरच पिते, मुद्दाम. लघवीची जळजळ, ताप, कंबरदुखी हे पुढचं सगळं त्यातून येतं. वापरता येईल असा, आतून कडी लागणारा संडास ही माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित आरोग्य योजना आहे.

'ईएसआयचे पैसे नुसते कापले जातात.' हिशोब करून पाहू. पगार 12,000 रुपये असेल तर कामगाराचे कापले जातात 0.75 टक्के, म्हणजे 90 रुपये. मालक भरतो 3.25 टक्के, म्हणजे 390. ही योजना 21,000 रुपयांपर्यंतच्या पगाराला लागू आहे. डॉक्टरनं काम बंद करायला सांगितलं आणि आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. कामावर अपघात झाला तर 78 दिवसांची अटही नाही. पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे आणि रक्कम 90 टक्के. दवाखान्यातली गर्दी आणि फेऱ्या यांबद्दलची तक्रार रास्तच आहे. पण आजारी दिवसाची मजुरी हा यातला खरा लाभ, आणि तोच मागायला सगळ्यात कमी लोक जातात.

राहिला ताण. तो शहरी लोकांचं खूळ आहे, असं म्हणणाऱ्यानं लातूरच्या क्लासमधल्या शिक्षकाला निकालाच्या आठवड्यात भेटावं, किंवा मार्चअखेर वसुलीला निघालेल्या बँकेतल्या पोराला. पण यावरची औषधंही शिबिरासारखीच निघतात : एक दिवस योगासनं, एक व्याख्यान, एक ॲप. ऑक्सफर्डच्या एका संशोधकानं ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. 2024 च्या त्या अभ्यासात अशा वर्गांना जाणारे आणि न जाणारे यांच्या मनःस्थितीत फरक दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा सल्लाही आधी कामाचा बोजा, वेळा आणि वरिष्ठांची वागणूक यांकडं पाहायला सांगतो. तोवर ज्याला आजच बोलायचं आहे त्याच्यासाठी 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे. मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही.

शेवटचा गैरसमज सगळ्यात सोयीचा : 'तो कामगार आमचा नाही, मुकादमाचा.' मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून निघालेली ऊसतोडीची जोडपी कुठल्याच फ्लेक्ससमोर उभी नसतात. शेजारच्या बीडमध्ये 2019 साली राज्य सरकारच्या समितीनं पाहणी केली. 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तिथं पाळीत पोट दुखलं म्हणून बसावं तर खाडा पडतो, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. फडाजवळ पाणी नाही, आडोसा नाही. पिशवी काढून टाकली की कटकट संपते, असं त्यांना सांगितलं जातं. ती संपत नाही; तिशीतच पाठ, हाडं आणि झोप यांच्या तक्रारी सुरू होतात.

या बायकांसाठी कार्यक्रम म्हणजे काय, ते सांगायला तज्ज्ञ नको. कोप्यांवर पाण्याचा टँकर, हलवता येणारा संडास, पंधरवड्याला एकदा फडावर येणारी नर्स, आणि आजारपणाच्या दिवसाचा दंड उचलीतून वगळलेला.