शिंदळ माकुडीचा पत्ता

निकोल डालझेल आणि अलेक्झांडर गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ हा वनस्पतिग्रंथ १८६१ मध्ये छापून आला, त्यात शिंदळ माकुडी नव्हती. पुढच्या काही वर्षांत डालझेलनेच जुन्नरच्या डोंगरातल्या या झाडाची शास्त्राला ओळख करून दिली आणि नाव ठेवलं मुंबईच्या गव्हर्नरचं, बार्टल फ्रियरचं: फ्रेरिया इंडिका. तिच्या रसाळ कांड्या खाणाऱ्या गुराख्यांना या बारशाशी काही देणंघेणं नव्हतं. गावरान नावात ‘शिंदळ’ ही शिवीच आहे, म्हणून चारचौघांत आम्हीही ‘फ्रेरिया’च म्हणतो.

बरीच वर्षं तिचा पत्ता जुन्नर-शिवनेरी एवढाच सांगितला जाई. मग पुरंदर-वज्रगड, सज्जनगड, महाबळेश्वर अशी नावं जोडली गेली. यातले बहुतेक किल्लेच! किल्ल्यांशी तिचं कसलंही सोयरसुतक नाही. तिला हवा उभा बेसॉल्टचा कडा, चिमूटभर माती धरणारी कपार, पाऊस पडून निथळून जाईल असा उतार आणि शेळीचं तोंड न पोचेल अशी जागा. माणसं वाट काढून कड्यापर्यंत जातात ती गडावरच, म्हणून ती तिथे सापडली. नकाशा तिचा म्हणायचा, पण त्यात पायवाटा आपल्याच उमटल्यात.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पुरंदरला, सप्टेंबरात, ओल्या दगडावर पालथं पडून. बोटाएवढ्या जाड कांडीवर मांसल पानं आणि रुपयाएवढं गडद तांबडं, पिवळ्या नक्षीचं फूल. पाकळ्यांच्या कडेला बारीक लव. वर एक माशी बसलेली. फुलाला फुलपाखरांपेक्षा तिचीच गरज. या झाडाच्या भाऊबंदांना पानं असली तर नावापुरतीच, ही मात्र पावसाळाभर पानं मिरवते. त्यापायी मिळालेलं स्वतंत्र प्रजातीचं घर पुढे शास्त्रज्ञांनी मोडलं; आता ती बूसेरोसिया प्रजातीत नांदते.

१९८० च्या दशकात जगातल्या अतिधोक्यातल्या १२ वनस्पतींत तिची गणना झाली, तशी तिला वाचवायची सगळ्यांची धावपळ सुरू झाली. कांडी लावली की ती सहज जगते, त्यामुळे आज ती हौशी लोकांच्या कुंड्यांतही आहे. कुंडीतल्या झाडाला मी तिच्या पत्त्यात धरत नाही.

फेब्रुवारीत पुन्हा त्या कड्याशी गेलो. पानं झडलेली, काड्या करड्या. एका काडीवर जोडशेंग उकललेली होती, आत शेवटची एक म्हातारी अडकलेली. वारा आला, आणि ती कड्याखाली न पडता वर उडाली.