सामुराईच्या चिलखताचे चामडे कोणी कमावले?

आपल्या वस्त्यांतल्या पोरांच्या तोंडी हल्ली ‘सामुराई’ हा शब्द फार आहे. ज्याच्या खिशात पैसे असतात तो गेमच्या दुकानात तासाचे मोजून खेळतो. ज्याच्याकडे नसतात तो दुसऱ्याने खेळलेला खेळ मोबाईलवर बघत बसतो. आई म्हणते, डोळे जातील. वडील म्हणतात, अभ्यास बुडाला. दोघांचेही खरे आहे. पण पोरगा नेमके काय बघतो आहे, हे आपण कधी त्याच्या शेजारी बसून पाहिले आहे काय? हा खेळ जपानचा आहे, आणि जपान म्हणजे जेथे घरोघरी बुद्धाचे नाव पोहोचले असा देश. बौद्ध कुटुंबाने तर या खेळाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

खेळाचे नाव ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’. अमेरिकेतल्या सकर पंच या कंपनीने तो तयार केला आणि सोनी कंपनीने जुलै २०२० मध्ये प्लेस्टेशनसाठी बाजारात आणला. मे २०२४ पासून तो कॉम्प्युटरवरही खेळता येतो. पालकांनी एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी. अमेरिकेत हा खेळ सतरा वर्षांवरील मुलांसाठी ठरवला आहे आणि युरोपात अठरा. रक्तपात भरपूर आहे, हातपाय तोडलेले दिसतात. चौथी-पाचवीतल्या लेकरांच्या हाती तो देऊ नये.

गोष्ट अशी आहे. साल १२७४. कुबलाई खानाच्या मंगोल फौजा कोरियाकडून जहाजांतून येऊन त्सुशिमा बेटावर उतरतात. एवढा भाग इतिहासात खरोखर घडलेला आहे. कोमोदाच्या किनाऱ्यावर सो सुकेकुनी नावाचा बेटाचा कारभारी ऐंशीच्या आसपास घोडेस्वार घेऊन लढला आणि मारला गेला. खेळातली माणसे मात्र कल्पित आहेत. जिन साकाई हा तरुण सामुराई त्या लढाईतून वाचतो. त्याचा मामा शिमुरा हा बेटाचा जहागीरदार, तो शत्रूच्या कैदेत आहे. जिनला जीवदान देते युना नावाची एक बाई. ती चोरी करून पोट भरणारी, कुळाने हलकी. तिच्या संगतीने जिन लपून वार करायला शिकतो, विष वापरायला शिकतो. लोक त्याला ‘भूत’ म्हणू लागतात आणि त्याच्यामागे उभे राहतात.

खेळ देखणा आहे, हे कबूल केलेच पाहिजे. वाऱ्याची झुळूक गवत वाकवून वाट दाखवते, कोल्हा पुढे धावत जाऊन देवळी दाखवतो. जपानी सिनेदिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या नावाने सगळा खेळ काळ्या-पांढऱ्या रंगात पाहण्याची सोयही ठेवली आहे. त्सुशिमाच्या नगरपालिकेने तर २०२१ साली खेळाच्या दोन दिग्दर्शकांना आपल्या बेटाच्या पर्यटनाचे दूत नेमले.

आणि कथेत एक जागा फार मोलाची आहे. मंगोलांना विष घातल्याचे उघडकीला येते. सामुराईच्या रीतीला हे शोभणारे नाही. तेव्हा मामा भाच्याला काय सांगतो? दोष त्या युनावर टाक. ती कुठल्या घराण्याची? तिचे डोके गेले तरी कुणाचा मान जाणार नाही. जिन नकार देतो आणि बेड्या पत्करतो. सामुराईपण त्याच्याकडून काढून घेतले जाते. मान घराण्याचा आणि दोष मात्र गरिबाचा, ही रीत आपल्या वाचकांना नवी नाही! गावच्या पाटलाच्या वाड्यावर चोरी झाली की पहिला संशय कोणत्या वाड्यावर यायचा, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहा.

तरीही या खेळात सामुराईचा जो मान, जी शिस्त, जी रीत दाखवली आहे, ती तेराव्या शतकाची नव्हे. ‘बुशिदो’ हा शब्द जगभर झाला तो इनाझो नितोबे यांच्या इंग्रजी पुस्तकामुळे, आणि ते निघाले १९०० च्या सुमारास. खेळात जिन झाडाखाली बसून हायकू रचतो. हायकूचा घाट घडला सतराव्या शतकात, बाशोच्या काळी. खऱ्या १२७४ च्या लढाईतला ताकेझाकी सुएनागा हा सामुराई दुसऱ्याच वर्षी एवढा प्रवास करून कामाकुराला गेला. कशासाठी? आपण लढलो त्याचे इनाम मिळावे म्हणून! पुढे त्याने आपल्या पराक्रमाची चित्रांची गुंडाळीच काढून घेतली. त्याला इनाम मिळाले याचे आपल्याला दुःख नाही. पण तलवारीमागे जमीन असते, हे पोरांना कळले पाहिजे.

आता मूळ मुद्द्यावर येऊ.

खेळात चिलखत मजबूत करायचे तर चिलखतवाल्याकडे जावे लागते. तो कापड मागतो, चामडे मागतो. हे चामडे कुठे मिळते? पडक्या घरात, रस्त्याच्या कडेला, शत्रूच्या छावणीत ते पडलेलेच असते. बटन दाबले की उचलले गेले. अस्वल किंवा रानडुक्कर मारले की कातडी मिळते, ती दिली की थैल्या मोठ्या होतात. तलवारीला धार देणारा आहे, धनुष्य बनवणारा आहे, चिलखत सांधणारा आहे. या कारागिरांत चामडे कमावणारा मात्र नाही.

आता खरे चिलखत कसे होते ते पाहा. त्या काळच्या थोर सामुराईच्या चिलखताला ओ-योरोई म्हणत. कच्च्या कातड्याच्या आणि लोखंडाच्या शेकडो छोट्या पट्ट्या दोऱ्यांनी ओवून ते बनवत. छातीवर रंगीत नक्षीच्या चामड्याचा सबंध पट्टा चढवत, कारण बाण सोडताना धनुष्याची दोरी पट्ट्यांत अडकू नये. खोगिराखालच्या गाद्याही चामड्याच्या. म्हणजे सामुराई हा डोक्यापासून पायापर्यंत चामड्यात बांधलेला माणूस! मेलेले जनावर ओढून नेणे, सोलणे, कातडे नदीत भिजत घालणे, केस खरवडणे, तुडवून तुडवून मऊ करणे, ही कामे आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांच्या अंगवळणी होती. त्याचा वास हाताला कसा बसतो हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

जपानात ही कामे करणारे लोक नदीच्या वाळवंटात, ज्या पडीक जमिनीवर सारा नाही अशा ठिकाणी राहत. म्हणून त्यांना ‘कावारामोनो’, म्हणजे नदीकाठचे म्हणत. दुसरे नाव होते ‘एता’. ते ज्या चिनी अक्षरांत लिहीत, त्यांचा अर्थच मुळी ‘अतिशय घाण’ असा होतो. हे नाव मंगोल स्वारीनंतर अवघ्या बावीस वर्षांनी, १२९६ सालच्या ‘तेंगू झोशी’ या चित्रगुंडाळीत एका पोराच्या चित्राशेजारी लिहिलेले सापडते. म्हणजे खेळ ज्या काळाचा आहे, त्या काळात ही माणसे होती, त्यांची चित्रे निघत होती, त्यांना नाव ठेवले गेले होते. खेळात मात्र त्यांचे चामडे तेवढे आले, माणूस आला नाही.

येथे बौद्ध वाचकाने मन घट्ट करून पुढचे वाचावे. या लोकांसाठी जपानी भिक्खूंच्या लिखाणात आणखी एक शब्द येई, ‘सेंदारा’. हा शब्द ओळखीचा वाटतो काय? तो आपलाच ‘चांडाल’ होय. भारतातून चिनी भाषांतरांच्या पोथ्यांबरोबर तो समुद्र ओलांडून जपानला गेला. तथागताने जन्मावरून कोणी हीन ठरत नाही असे सांगितले, आणि त्याच्याच नावाच्या पोथ्यांबरोबर मनूच्या देशाचा हा शब्दही प्रवासाला निघाला. पुढच्या काळात अनेक देवळांनी या लोकांच्या मृतांना जी धार्मिक नावे दिली, त्यांत ‘पशू’, ‘कातडे’, ‘नोकर’ अशा अर्थाची अक्षरे घालून ती थडग्यांवर कोरली. मेल्यावरही जात पुसू दिली नाही! १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्म परिषदेत सोतो झेन संप्रदायाचे मोठे पदाधिकारी मुनेओ माचिदा यांनी जपानात असा भेदभाव नाहीच, असे सांगून टाकले. मुक्ती चळवळीच्या लोकांनी त्यांना सोडले नाही. १९८४ साली नैरोबीच्या परिषदेत त्यांनी जाहीर माफी मागितली आणि संप्रदायाला आपल्या थडग्यांची आणि नोंदवह्यांची तपासणी करावी लागली.

पण तेराव्या शतकातच एक भिक्खू असा निघाला, की त्याने हा शब्द स्वतःच्या अंगावर घेतला. त्याचे नाव निचिरेन. परकीय स्वारी होईल असे त्याने १२६० सालीच राज्यकर्त्यांना लिहून दिले होते. पुढे त्याला सादो बेटावर हद्दपार केले. त्या हद्दपारीतल्या एका पत्रात त्याने लिहून ठेवले की आपण चांडालाच्या घरात जन्मलो. तो किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्तीतला. जीव मारून पोट भरणाऱ्याला उच्चवर्णीय त्याच नावाने ओळखत. तो सुटून आला तो १२७४ साली, म्हणजे नेमका खेळातल्या स्वारीच्या वर्षी. आणि दुसऱ्याच वर्षी त्याने पत्रात त्सुशिमाची हकिगत लिहिली. ती ऐकीव होती, पण लिहिली ती सामुराईंच्या मानाविषयी नव्हे. गावच्या शेतकऱ्यांपैकी पुरुषांना मारले किंवा धरून नेले, बायकांच्या तळहातांना भोके पाडून त्यांना जहाजांना बांधले, असे तो सांगतो. चांडालाचा मुलगा म्हणवणाऱ्याच्या नजरेला आधी कोण दिसले, ते पाहा. खेळातही एक भिक्खू आहे, नोरिओ नावाचा, हातात शस्त्र घेतलेला. असे लढाऊ भिक्खू इतिहासात होते. देवळांच्या जमिनी राखण्यासाठी ते ठेवलेले असत. पोरांनी विचारले तर हेही सांगावे.

पुढे १६०३ पासून तोकुगावा घराण्याचे राज्य आले. सामुराई वर, त्याखाली शेतकरी, कारागीर, व्यापारी, आणि या सर्वांच्या बाहेर एता. कोणी कुठे राहायचे, काय घालायचे, याचे हुकूम निघत. ओकायामाच्या जहागिरीत हुकूम निघाला की या लोकांनी बिननक्षीचे, करड्या तांबूस किंवा निळ्या रंगाचेच कपडे घालावेत. १८५६ साली पन्नासवर वाड्यांतले लोक एकत्र आले. दीड हजारांच्या आसपास माणसे चालून गेली. पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले, त्यांतले काही तेथेच मेले, पण तो हुकूम प्रत्यक्षात चालला नाही. आम्हाला विचाराल तर खरा खेळ या मोर्च्यावर काढायला हवा होता! आणखी एक सांगण्याजोगे आहे. १९६० च्या दशकात भारतात येऊन नागपूरच्या बौद्धांत मिसळून गेलेले भदन्त सुरई ससाई हे याच ओकायामा भागात जन्मलेले.

१८७१ साली सरकारने फर्मान काढून ही नावे रद्द केली. माणसे मात्र ‘बुराकू’ म्हणजे वाडीचीच राहिली, जसे आपल्याकडे गावकुसाबाहेरचे वाडे राहिले. मग ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये त्यांनी स्वतःची संघटना उभारली, ‘सुइहेइशा’. नावातच सपाटी आहे. पाणी जसे एका पातळीत राहते तशी माणसे. बाबासाहेबांनी महाडच्या तळ्यावर ओंजळ भरली ती त्यानंतर पाच वर्षांनी, १९२७ साली. दोन्हीकडे मागणी दयेची नव्हती.

या चळवळीचे थोर नेते जिइचिरो मात्सुमोतो हे फुकुओकाचे. त्सुशिमा बेट पार करून मंगोल जेथे उतरले, तो हाकाताचा किनारा त्याच फुकुओकात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ते संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. सम्राटासमोर जायचे तर त्याच्याकडे पाठ होऊ नये म्हणून खेकड्यासारखे आडवे सरकत जायची रीत होती. १९४८ साली मात्सुमोतोंनी तसे सरकायला साफ नकार दिला. माणूस माणसापुढे सरळ चालत जाईल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. इतके होऊनही १९७५ साली असे उघडकीला आले की बुराकू वस्त्यांच्या नावांची छापील यादी गुपचूप विकली जाते आहे आणि मोठमोठ्या कंपन्या ती विकत घेत आहेत, नोकरीला आलेल्या पोराचा पत्ता ताडून पाहण्यासाठी. भेदभाव संपवण्यासाठी संसदेला डिसेंबर २०१६ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला.

म्हणून खेळ बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. मोठ्या मुलांनी जरूर खेळावा. बंदी घातली तर ते दुसऱ्याच्या घरी जाऊन खेळतील. आई-वडिलांनी एखाद्या रविवारी, विहारातून आल्यावर, अर्धा तास शेजारी बसावे. पडद्यावर चामडे उचलल्याची खूण उमटली की विचारावे, हे कोणाच्या हातचे रे? पोरगा आधी हसेल. मग घरातल्या आजीला बोलवावे. गावकीच्या कामाची, मेलेल्या जनावराची, आणि ते काम टाकून शहराकडे निघाल्याची हकिगत तिच्याच तोंडून त्याला ऐकू द्यावी.

या खेळाचा पुढचा भाग, ‘घोस्ट ऑफ योतेई’, ऑक्टोबर २०२५ मध्ये आला आहे. त्यात आत्सु नावाची बाई नायिका आहे आणि गोष्ट घडते १६०३ साली, म्हणजे तोकुगावांचे राज्य सुरू झाले त्याच वर्षी. पोरांनी तो मागितला तर दुकानात जाण्याआधी या सालाचा अर्थ त्यांना सांगून ठेवावा.